हवेवर खापर

आपल्याकडे दुखण्याचे कारण विचारले की उत्तर तयार असते: हवा. मुलाला खोकला झाला, हवा बदलली. आजोबांचे गुडघे धरले, हवा बदलली. सासरी गेलेली लेक पहिल्या वर्षी वाळून माहेरी आली तरी आपण म्हणतो, तिला तिकडची हवा मानवली नाही. सासूचे नाव काढीत नाही. हवेसारखा सोयीचा आरोपी दुसरा नाही. तिला तोंड नाही, वकील नाही आणि मतदानाचा हक्कही नाही. गेल्या वीसपंचवीस वर्षांत या जुन्या सवयीने नवा, विद्वत्तेचा अंगरखा चढवला आहे. पूर्वी आजीबाई म्हणत ती 'बदललेली हवा', आता साहेब म्हणतात तो 'हवामानबदल'. शब्द दोन अक्षरांवरून सात अक्षरांवर गेला, पण सांगणाऱ्याचा हेतू बहुधा तोच: आमच्या हातात काही नव्हते.

मी हवामानबदल नाकारणारा मनुष्य नाही. पृथ्वी तापते आहे, पाऊस लहरी झाला आहे, हे शेतात उभा राहणारा कोणीही सांगेल. माझे भांडण आहे ते या खऱ्या गोष्टीचा खोटा उपयोग करण्याशी. आणि हे भांडण मी मुद्दाम अशा एका आजाराच्या मैदानावर मांडणार आहे, की जिथे हवेचा हात अगदी उघड आहे. तो आजार म्हणजे सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी महालात ज्याला लोक माकडताप म्हणतात तो. इथेसुद्धा हवा गुन्हेगार ठरत नसेल, तर मग ती कुठेच ठरणार नाही.

दिवाळीच्या अंकात हे गोचिडांचे पुराण कशाला, असे वाचकांपैकी कुणी म्हणेल. फराळाचे ताट पुढे असताना असला विषय काढणे सभ्यपणाचे नाही हे मला कळते. पण त्याला दोन कारणे आहेत. एक कारण त्या ताटातच आहे. त्याच्याकडे मी मागाहून येतो. दुसरे कारण म्हणजे तिथी. तुम्ही अभ्यंगस्नान करून हा अंक चाळीत असता, नेमक्या त्याच दिवसांत सह्याद्रीच्या उतारावरील पाचोळ्यात गोचिडांची नवी वीण अंड्यांतून बाहेर पडत असते. यंदाच्या तापाची कथा आज सुरू होत आहे. तिचा शेवट शिमग्याच्या सुमारास कळेल, आणि तेव्हा लिहून काही उपयोग नसतो.

आधी थोडा इतिहास. १९५७ साली, त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाच्या जंगलाच्या आसपास माकडे आणि वानरे मरून पडू लागली, आणि त्याच गावांत माणसेही तापाने फणफणू लागली. पुण्यात १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झाले होते; आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. माकडे मरतात म्हटल्यावर तिथल्या शास्त्रज्ञांच्या पोटात गोळाच आला, कारण आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत जंगलातला पीतज्वर अशीच वर्दी देतो, आणि पीतज्वर हिंदुस्थानात कधी आलेला नव्हता. टेलफोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रापिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी जंगलात शिरले. तो पीतज्वर निघाला नाही. निघाला तो एक नवाच विषाणू, आणि त्याला वाहून नेणारा डास नसून गोचीड होता. हीमाफायसालिस स्पिनिजेरा हे त्याचे शास्त्रीय नाव.

आणि इथेही पहिला संशय दूरच्यावरच गेला पाहा. हा विषाणू रशियातल्या गोचिडांच्या मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला, तेव्हा सैबेरियातून हिवाळ्यात येणारे पक्षी तो घेऊन आले असतील असा तर्क निघाला. त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत वळी अडकविण्याचे मोठे काम हाती घेतले. पक्षिशास्त्राचे त्यात कल्याण झाले. पक्ष्यांवरचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. कर्नाटकातल्या लोकांनी या आजाराला 'मंगन कायिले', म्हणजे माकडाचा आजार, असे नाव दिले आणि आपण त्याचे भाषांतर करून माकडताप केला. म्हणजे पक्षी सुटला, माकड अडकले. वास्तविक माकड हा या तापाचा पहिला बळी. ते मरते आणि मरता मरता आपल्याला सावध करते. आणि आपण त्याच्या नावाने ताप ओळखतो आणि दगड घेऊन त्याच्या मागे लागतो.

आता हवेची साक्ष काढू.

गोचिडाचे सारे आयुष्य एका काळजीत जाते: अंगातले पाणी टिकवायचे कसे? त्याला जेवण आयुष्यात मोजके तीन वेळा. अंड्यातून निघालेले पिल्लू एकदा रक्त पिते, कात टाकून पोरवयात येते, तिथे पुन्हा एकदा पिते आणि मोठे होते, मोठेपणी तिसऱ्यांदा. या दोन जेवणांच्या मध्ये महिनेच्या महिने उपास. या उपासात ते मरते ते भुकेने कमी आणि कोरडेपणाने जास्त. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकावर चढून, पुढचे पाय पसरून ते वाट बघत बसते. एखादे जनावर घसटून गेले की त्याला चिकटते. ऊन वाढले, अंग सुकू लागले की खाली उतरून पाचोळ्यात शिरते आणि तिथल्या दमट हवेतला ओलावा अंगात ओढून घेते. पुन्हा वर. असा त्याचा दिनक्रम. म्हणून गोचिडाला हवा लागते ती वेधशाळेच्या मनोऱ्यावरची नाही. जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या हवेत त्याचा सारा संसार चालतो, आणि ती वीतभर हवा कशी असावी हे वर सावली किती, खाली पाचोळा किती यावर ठरते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

सह्याद्रीच्या ऋतुचक्रात हे आयुष्य असे बसले आहे. पावसाळ्यात मोठे गोचीड गुरांच्या आणि रानातल्या मोठ्या जनावरांच्या अंगावर चरतात. पोट भरलेली मादी टपकन खाली पडते, पाचोळ्यात हजारो अंडी घालते आणि मरते. पाऊस ओसरला की आश्विन-कार्तिकात त्यांतून पिल्ले निघतात. ही पिल्ले उंदीर, चिचुंद्र्या, पक्षी, माकडे अशा मिळेल त्याच्या रक्तावर पोसतात, आणि त्यांतल्या एखाद्याच्या रक्तात विषाणू असला की तो पिल्लाच्या अंगात शिरतो. कात टाकताना कातडी सुटते, विषाणू सुटत नाही. मग मार्गशीर्षापासून पोरवयाचे गोचीड वर येऊ लागतात. अनारशाला लावलेली खसखस असते ना, तेवढे. माणसाला चावणारे आणि ताप देणारे मुख्यतः हेच. पौष, माघ, फाल्गुन हा त्यांचा भराचा काळ. चैत्र-वैशाखात ते विरळ होत जातात, आणि मृगाचा पाऊस लागला की ताप ओसरतो.

म्हणजे हवेचा हात आहे. कोण नाही म्हणतो? पाऊस लांबला तर हे वेळापत्रक थोडे पुढे सरकू शकते. ऐन हिवाळ्यात अवकाळी सरी आल्या, दव भरपूर पडले, तर पाचोळ्यातला ओलावा टिकून या पोरांना आणखी काही दिवस मिळू शकतात. उन्हाळा लवकर आणि कडक आला तर त्यांतली पुष्कळ सुकून मरतील. एखाद्या वर्षी ताप जास्त, एखाद्या वर्षी कमी, यात ऋतुमानाचा वाटा असणारच. पण ही सारी हकीकत काय सांगते? हवेने या तापाला एक वेळापत्रक आखून दिले आहे, आणि ते सत्तर वर्षे जवळजवळ पाळलेही जाते आहे. आमच्या एस्.टी.ला जमले नाही ते या किड्याला जमले. मग ज्या गाडीची वेळ आधीपासून ठाऊक आहे ती गाडी अंगावर आली, तर दोष वेळापत्रकाचा कसा?

आता ताटाकडे येतो.

तुमच्या ताटात काजूकतली असेल. चिवड्यात काजूचे तुकडे असतील. हा काजू कोकणात आणि गोव्यात कधी पिकतो? माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. आणि बहुतेक ठिकाणी तो तोडीत नाहीत, वेचतात. पिकलेले बोंड खाली गळते, त्याची बी पिळून काढायची. म्हणजे बाईने वाकायचे, काजूच्या दाट सावलीत साचलेल्या पाचोळ्यात हात घालायचा, एक बोंड उचलायचे, पुन्हा वाकायचे; सकाळपासून दुपारपर्यंत. गोचिडाला बसायला जी वीतभर हवा लागते, नेमकी तीच या बाईच्या मनगटाभोवतीची आणि घोट्याभोवतीची हवा. त्याच महिन्यांत जळणाचा लाकूडफाटा आणायचा असतो, गोठ्यात अंथरायला आणि खताला पातेरा गोळा करायचा असतो, भाजावळीची तयारी असते. पावसाळ्यापूर्वी रानातून जे म्हणून घरात आणायचे ते सारे याच दिवसांत. गोचिडाने वाट बघत बसावे आणि माणसाने नेमके त्याच वेळी त्याच्या दारात जावे, असा हा योग आहे. या योगातला एक ग्रह हवेने हलवला आहे. दुसरा पोटाने हलवला आहे.

गोव्यात सत्तरीमधील पाळी गावात २०१५ मध्ये हा ताप आला. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावाकडे २०१६ च्या जानेवारीत तो दिसला आणि त्या मोसमात तालुक्यात शंभराहून अधिक रुग्ण पक्के ठरले. २०१७ मध्ये तो सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला आला. चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकदम थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल असे डोके, हातापायांचे स्नायू कुणी पिळून काढावेत तशा वेदना, डोळे लाल. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त. काहींना आठदहा दिवस बरे वाटून पुन्हा उलटतो आणि मग मेंदूवर जातो. शंभरांत तीन ते पाच माणसे दगावतात. यावर रामबाण औषध नाही. पाणी, सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, एवढेच डॉक्टरच्या हातात असते. जे वाचतात त्यांनाही अशक्तपणा आठवडेच्या आठवडे उठू देत नाही. ज्या बाईचे वर्षाचे रोख पैसे काजूच्या दहाबारा आठवड्यांत यायचे, तिचे ते आठवडे खाटेवर जातात. मोसम काही तिच्यासाठी थांबत नाही.

अशा वेळी शहाणी माणसे काय म्हणतात? एक म्हणतो, हवामानबदलामुळे हे होणारच. दुसरा म्हणतो, लोकांनी जंगलात जाऊ नये. पहिले वाक्य आळशीपणाचे आहे आणि दुसरे उद्धटपणाचे. मुंबईच्या माणसाला पावसाळ्यात 'लोकलने जाऊ नका' म्हणून सांगण्याइतकाच त्याला अर्थ आहे. कोळ्याला समुद्रावर जाऊ नको म्हणताना निदान वादळाचा बावटा तरी लावतात, आणि वादळ दोन दिवसांत जाते. इथे पाच महिने जाऊ नको म्हणायचे, ते पाच महिने म्हणजेच वर्षाची कमाई. आणि घरी बसलेल्याला दमडी द्यायची नाही.

हवेच्या पक्षाचे लोक इतक्यात हार मानणार नाहीत. ते म्हणतील, तुमचा काजू आणि तुमचा पातेरा हे पूर्वीही होते. मग ताप आत्ताच दक्षिणेकडून उत्तरेकडे, शिमोग्यातून सरकत सत्तरी-दोडामार्गापर्यंत का आला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना थोडा वेळ युरोपात जाऊन यावे लागेल, कारण हाच वाद तिथे आकडे घेऊन लढला गेला आहे.

युरोपातही गोचीड एक मेंदूज्वर देतो, आणि त्याचा विषाणू आपल्या माकडतापाच्या विषाणूच्याच कुळातला आहे. १९९३ साली एस्टोनिया, लाटविया आणि लिथुएनिया या बाल्टिक देशांत या ज्वराचे रोगी एकाएकी कितीतरी पटींनी वाढले. लोक म्हणाले, हवा तापली, गोचीड वाढले. ऑक्सफर्डच्या सारा रँडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेच्या नोंदी उलगडून पाहिल्या. वसंतातली ऊब तर या साऱ्या मुलखात १९८९ पासूनच आणि बहुतांशी सारखीच वाढली होती. मग रोग कुठे थोडा, कुठे पुष्कळ, कुठे आधी, कुठे मागाहून, असा का वाढला? २००७ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिले की केवळ हवामानाने याचा उलगडा होत नाही. उलगडा सापडला तो माणसांच्या संसारात. १९९१ मध्ये सोव्हिएत राज्य कोसळले, सरकारी शेतीचे कारखाने बंद पडले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि पोटासाठी माणसे रानातली अळंबी आणि बोरांसारखी फळे वेचायला जंगलात शिरली. काही खाल्ली, काही बाजारात विकली. जिथे दारिद्र्य अधिक, तिथे ज्वर अधिक. आमच्या काजू वेचणाऱ्या बाईची ही सख्खी बहीणच म्हणायची.

हवेची बाजू राखायची म्हणून हेही सांगतो, की २००६ मध्ये युरोपातल्या काही देशांत या ज्वराने पुन्हा उसळी घेतली ती हवेच्या निमित्ताने. पण कशी? हवा छान पडली, अळंबी भरघोस उगवली आणि माणसे टोपल्या घेऊन रानात लोटली, हे त्याचे मोठे कारण मानले गेले. हवा गोचिडाला पाचोळ्यातून उठवते तशी ती माणसालाही घरातून उठवते. तापाचा धोका मोजायचा तर या दोघांची गाठ कुठे पडते ते मोजले पाहिजे, आणि हे नुसत्या पर्जन्यमापकाने मोजता येत नाही.

आता परत घाटात येऊ. माकडतापाची सर्वांत भयंकर साथ कुठे आली? १९८२-८३ मध्ये, दक्षिण कन्नड जिल्ह्यात, बेळतंगडी तालुक्याच्या बाजूला. हजाराहून अधिक रुग्ण, शंभराहून अधिक मृत्यू. त्या वर्षी काही आभाळ फाटले नव्हते. तिथले जुने दाट रान तोडून साफ केले होते. कशासाठी म्हणाल तर काजूच्या लागवडीसाठी! मार्क निख्टर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये या साथीवर लिहिताना तिला विकासाचा आजार म्हटले आहे. गावकऱ्यांनी आपल्या भाषेत वेगळे काही सांगितले नव्हते. रान तोडल्यामुळे तिथली दैवते कोपली, असे ते म्हणत होते. शिकलेल्या माणसाला या बोलण्याचे हसू येईल. पण 'हवामान' म्हणणाऱ्या साहेबापेक्षा 'रान तोडले म्हणून' म्हणणारा हा अडाणी माणूस कारणाच्या कितीतरी जवळ उभा होता.

त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, होर्हे बोशेल या शास्त्रज्ञाने हा ताप माणसाच्या अतिक्रमणाशी जोडून दाखविला होता. माणूस रानात घुसला, त्याच्याबरोबर गुरे घुसली. मोठ्या गोचिडांना पावसाळाभर फुकटची खाणावळ मिळाली आणि त्यांची प्रजा बेसुमार वाढली. अलीकडे २०२० मध्ये बेथ पर्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी तापाचे नकाशे तयार केले. त्यांतही धोका जास्त दिसतो तो सदाहरित रान आणि लागवडीच्या बागा एकमेकांत मिसळल्या आहेत आणि गावठी गुरे पुष्कळ आहेत अशा भागात. नुसते घनदाट अरण्य नव्हे, नुसते उघडे माळही नव्हेत. गोधडीसारखे ठिगळाठिगळांचे रान. दोडामार्ग ज्याने पाहिला आहे त्याला हे वर्णन वाचून आरसा दाखविल्यासारखे वाटेल: इकडे रबर, तिकडे अननस, मध्ये काजू, आणि मधून मधून उरलेल्या रानाच्या पट्ट्या. सुरुवातीला मी वीतभर हवेची गोष्ट ध्यानात ठेवा म्हणालो ती यासाठी. ती हवा ढगांनी ठरवायच्या आधी कुऱ्हाडीने ठरविली आहे.

म्हणजे हवामानबदलाचे नाव घेणाऱ्यांना मी असे विचारतो: पृथ्वीचे तापमान कमी करणे तुमच्या तालुक्याच्या हातात नाही, हे कबूल. पण मार्गशीर्ष कधी येतो हे तर तुमच्या भिंतीवर टांगलेले आहे ना?

याचे सर्वांत कडू उदाहरण लशीचे आहे. या तापावर एक लस होती. कर्नाटकात ती १९९० पासून वर्षानुवर्षे टोचली जाई. ती काही फार जोरकस नव्हती. शिमोग्यात २००५ ते २०१० या काळात तिची परीक्षा केली तेव्हा दिसून आले, की एका मात्रेने काहीच संरक्षण मिळत नाही, दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेसह सुमारे ८३ टक्के मिळते. दोन मात्रांत महिन्याचे अंतर, वर्धक त्यानंतर सहा-नऊ महिन्यांनी. म्हणजे पौषातल्या तापासाठी टोचणी श्रावण-भाद्रपदात सुरू झाली पाहिजे. पाऊस कोसळत असताना, एकही माणूस आजारी नसताना, वर्तमानपत्रात एक ओळही नसताना. आपल्या कारभाराला हेच जमत नाही. त्याला आधी प्रेत दिसावे लागते. त्याच पाहणीत असेही आढळले होते की टोचून घेणाऱ्यांचे प्रमाण कमीच होते. लस टोचली की दुखते, आणि दुखणे आज असते, ताप उद्या. २०१८-१९ च्या मोसमात सागर तालुक्यातल्या अरळगोडु भागात माणसे मरू लागली तेव्हा लशीसाठी धावाधाव झाली. अखेर २०२२ मध्ये कर्नाटकाने ती जुनी लसही थांबविली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्या लशीचे काम हाती घेतले आहे. त्याला यश येवो. पण नवी लस कितीही चांगली निघाली तरी तीही श्रावणातच टोचावी लागेल.

लस नाही तोवर काय? अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल आहे. आपल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निघालेले 'डेपा' हे कर्नाटकात वाटतात. ते रानात शिरण्यापूर्वी उघड्या हातापायांना चोळायचे. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकायचे, साबण लावून कढत पाण्याने आंघोळ करायची, मुलांच्या केसांत, काखेत, गुडघ्यामागे बघायचे. पाचोळ्यावर बसायचे नाही, पाठ टेकायची नाही. मेलेले माकड दिसले तर त्याला हात लावायचा नाही आणि ताबडतोब कळवायचे; कारण त्याच्या अंगावरचे भुकेले गोचीड तिथेच गळतात, आणि म्हणून त्या जागेभोवती पन्नास मीटरपर्यंत गोचीडनाशक भुकटी टाकतात. यातले काहीही अवघड नाही, महाग तर नाहीच. पण यातल्या प्रत्येक गोष्टीला वेळ आहे. फाल्गुनात वाटलेले तेल म्हणजे वरात गेल्यावर आलेला बँड.

आणि मेलेल्या माकडाची वर्दी देणाऱ्याला आधी अभय द्या. खेड्यातला माणूस गप्प राहतो तो अडाणीपणाने नव्हे. वनखात्याच्या कागदावर आपले नाव चढले की काय काय चौकश्या मागे लागतात, याची त्याला धास्ती असते. जो पहिली खबर देतो तोच पहिला संशयित ठरतो, असे त्याला वाटते. आणि त्याला तसे वाटू नये म्हणून आपण काय केले आहे?

बागांच्या मालकांबद्दलही एक शब्द. खत घालायला, तण काढायला, राखण ठेवायला त्यांच्याकडे पैसा असतो. वेचणाऱ्या बाईच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट आणि हातात तेलाची बाटली देण्याचा खर्च त्यांच्या हिशेबात कुठे बसत नाही. काजूची प्रत पाहणारा, रंग पाहणारा, तुकडा की अख्खा ते पाहणारा व्यापारी ही बी कोणाच्या हातातून आली ते पाहत नाही. आणि आपण? आपण भाव पाहतो.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. सिंधुदुर्गाच्या आणि सत्तरीच्या गावांत माकडतापाचे वर्ष १ जानेवारीला किंवा १ एप्रिलला सुरू करू नये; ते दसऱ्याला सुरू करावे. तुळशीची लग्ने लागायच्या आत तेलाच्या बाटल्या वाडीवाडीवर पोचाव्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माणसाला रक्ताचा नमुना कधी आणि कुठे पाठवायचा हे तोंडपाठ असावे, आणि ज्या वाटांनी बायका काजूला जातात त्या वाटांच्या कडेचा पाचोळा मार्गशीर्ष लागण्यापूर्वी ओढून काढावा. हे काम रोजगार हमीतून होईल. ज्या हातांना धोका आहे त्याच हातांना त्याची मजुरी मिळेल. तापाने खाटेवर पडलेल्या मजुराला त्या दिवसांचा रोज मिळावा. सरकारने अर्धा द्यावा, बागेच्या मालकाने अर्धा. शिमग्याला मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्यांना पालखीचा दिवस जसा आधी कळविला जातो, तसेच कोणत्या रानात माकड मेले आहे तेही कळवावे, कारण मुलांना घेऊन रान दाखवायला सर्वांत आधी तेच जातात.

वेधशाळेने पाऊस कधी संपला ते सांगावे. एवढे तिचे काम, आणि ते ती करते. तिने यंदाचा पाऊस संपल्याचे सांगितले त्या दिवसापासून तालुक्याच्या कचेरीत किती कागद हलले, याचा हिशेब मात्र गावच्या ग्रामसभेने मागावा. गोवा असो की सिंधुदुर्ग, सभा भरते तेव्हा काजूचा भाव, रस्ता, पाणी यांवर बोलणे होतेच. त्यांच्याबरोबर हा एक प्रश्न घ्यावा, आणि तो दिवाळीनंतर भरणाऱ्या पहिल्याच सभेत घ्यावा.